साडेतीन मिलिमीटर

ताम्हिणीच्या वळणावर टेम्पो जेवढं घेऊन वळेल
तेवढीच भिंत.
रुंदी साडेसात फूट, लांबी अकरा.
समुद्राने नाही, घाटाने ठरवलं हे.
मी फक्त रेघा मारल्या,
कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यावर जेवणाचा डबा ठेवून.

लाकूड भवानी पेठेतलं.
कुठल्याशा गिरणीच्या छपराचं जुनं सागवान,
खिळ्यांच्या भोकांसकट.
भंवरलाल जांगिडने फळीला नख लावलं, वास घेतला
आणि व्यापाऱ्याकडे न बघता भाव सांगितला.

त्याची शेड धायरीला.
एप्रिलची हवा, ओठ आणि फळ्या एकदमच उलतात.
मी म्हटलं, दोन फळ्यांत फट ठेवू, तीन मिलिमीटर.
तो म्हणाला, मॅडम, फट दिसू नये याचेच तर पैसे देतात लोक मला.
तिकडची हवा जड, खारी. लाकूड फुगतं.
किती?
पुस्तकात होतं तेवढं सांगितलं.
त्याने पुस्तक ऐकून घेतलं,
आणि फळीचा तुकडा घरच्या न्हाणीत टांगला,
खाली बादलीत मिठाचं पाणी, त्यात हीटर.
आठ दिवस घरातली सगळी शेजाऱ्यांकडे आंघोळीला.
नवव्या दिवशी फोन आला,
हॅलो वगैरे काही नाही:
साडेतीन.

नकाशा बदलला.

खिळा एकही नाही. पितळी बोल्ट.
प्रत्येक सांध्यावर आकडा, छिन्नीने कोरलेला;
पेन्सिल पुसली जाते,
आणि तिकडे जोडणारं आमच्यातलं कुणी नसणार.

जोडून बघायच्या दिवशी शालन बेहेरे आल्या.
बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात, कानांत दुसऱ्यांची बोलणी.
त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं,
एक खोली, एक खुर्ची,
आणि फोन ठेवायला कुठेही फळी नको.
शेडमध्ये उभ्या त्या खोलीत त्या खुर्ची घेऊन बसल्या.
खिडकीसमोर पावडर कोटिंगवाल्याचं बंद शटर,
त्यावर रंगवलेला मोबाइल नंबर.
वीस मिनिटं बघत राहिल्या.
भंवरलालने ग्राइंडर बंद केला.

एक आकडा कमी आहे, त्या म्हणाल्या,
लागत नसणार कुणालाच.

मग उठल्या, चौकटीवर हात ठेवला:
खिडकी चार बोटं खाली घ्या.
मी अजून बुटकी होत जाणार आहे.

पॉलिश झालेली भिंत.
मी हिशेब मांडायला तोंड उघडलं तेवढ्यात
करवत लागलीसुद्धा.

शनिवारी सगळं सुटं केलं.
सुटं झाल्यावर घर म्हणजे जळणाचा ढीग,
फक्त आकडे घातलेला.
टेम्पोवाला तंबाखू मळत म्हणाला,
काचा दोन दिसतायत, वर कुठली ठेवू?

समुद्राकडची, भंवरलाल म्हणाला,
आणि शटरच्या दिशेने हात केला.