पोटखराबा

हरकती मागवल्यात, तीस दिवसांत.
पेपरच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटशेजारी
बोटभर नोटीस:
गट नंबर तीनशे बारा, मांजरीच्या अंगाला, नदीलगत.
वाचली, आणि चहा निवून गेला.

हा गट मी मोजलाय.

सत्त्याऐंशी साल. मे महिना.
साखळी धरायला दोघं, एक फळा,
आणि वर रस्त्यावर साहेबांची जीप, इंजिन चालू.
जमिनीला भेगा, पाणकणीस वाळून कोळ.
एक टिटवी डोक्यावर आरडत होती, पुन्हा पुन्हा,
म्हणजे पायाशी कुठंतरी अंडी असणार.
मी टिपणात लिहिलं:
पोटखराबा, चार हेक्टर दहा आर.
आकार शून्य.
सही. तारीख.
पोट म्हणालो आणि खराबा म्हणालो, एका दमात,
आत काय काय मावतं ते विचारलं नाही.

सुनावणीला पंखे जोरात, माइक बंद.
माणशी तीन मिनिटं.
सोसायटीचे अध्यक्ष डासांवर बोलले, पोटतिडकीनं बोलले,
त्यांची नात डेंगीनं आठ दिवस ससूनला होती.
जमीनमालक म्हणाला, सातबारा माझा, पाणी कुणाचं का असेना.
त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.
मग इकरा तांबोळी, आठवीतली, वही उघडून:
शेकाट्या त्रेसष्ट. थापट्या अकरा.
चक्रवाक दोन, पण सर,
तो एकच असेल, मी दोनदा मोजला असेल.
इतकं प्रामाणिक टिपण
चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक लिहिलं नाही.

सुंद्राबाई मल्लावांना साहेबांनी विचारलं,
मावशी, तुमचा तिथं हक्क काय?
हक्क कसला, त्या म्हणाल्या. मरळ.
नदी फुगली का आत येती, गवतात पिल्लं सोडती.
तुमी टाका की भराव.
तिला तेवढं पत्र धाडा, यंदा यायचं न्हाय म्हणून.
सगळे हसले.
साहेबांनी कागदावर ‘मासळी’ लिहिलं, खोडलं,
‘मत्स्यव्यवसाय’ लिहिलं.

माझा नंबर शहाऐंशीवा.
अर्जावर दोनच चौकोन, हरकत आणि सूचना.
म्हणालो, साहेब, माझं दोन्हीतलं नाही.
माझी चूक आहे, ती दुरुस्त करायचीये.
तुमच्या नकाशात जो भाग कोरा दिसतोय
तो कोरा मी ठेवला.
उन्हाळ्यात गेलो होतो. पाणी घरी नव्हतं.
मालक घरी नसताना पंचनामा उरकला.

साहेब तरुण होते.
काका, म्हणाले, हे मी कुठल्या रकान्यात बसवू?
बराच वेळ पेन फिरवत राहिले.
शेवटी हरकतीवर खूण केली, शिक्का मारला,
पोच हातात दिली.

ऑगस्टात आम्ही चौदा जण गेलो.
बांबूच्या खुंट्या, वर जुन्या साड्यांच्या चिंध्या.
सुंद्राबाई पुढं, ओचे खोचून, पायानं चाचपत.
त्यांचा घोटा बुडाला की तिथं खुंटी.
अध्यक्षही आले, हातापायाला डासांचा मलम फासून,
पाणी कुठं साचून कुजतं आणि कुठं हलतं
ते स्वतः बघायला.
इकरा आकडे सांगत होती,
मी बहात्तराव्या वर्षी गुडघाभर चिखलात फळा धरून.
हात थरथरतो. रेघ सरळ आली नाही.
आली तशी ठेवली,
काठ तरी कुठं सरळ होता.

नकाशा अर्जाला जोडलाय. निर्णय प्रलंबित.
रविवारी सातला परत जायचंय,
दोन खुंट्या म्हशींनी पाडल्यात,
आणि तिसरी, सुंद्राबाई म्हणतात,
पाणीच ओलांडून पुढं गेलंय.