झाकणाच्या आतलं झाकण

कारखाना बंद पडला तेव्हा स्टेनव्होरच्या वाट्याला आलं
एक घड्याळ, एक कोरडा खोकला,
आणि गावच्या शाळेच्या लिलावात
कुणीच बोली न लावलेला सूक्ष्मदर्शक.

एकोणीस वर्षं पोती शिवली तिनं पांढऱ्या पिठाची.
तळ्याच्या तळातून उपसलेलं पीठ,
भट्टीत वाळवलेलं,
दूरदेशीची बिअर गाळायला जाणारं.
"माती आहे," मुकादम म्हणायचा. "शिव."

आता म्यूव्हात्नवर दुपारी तीनलाच रात्र उतरते.
इल्लुगी बर्फाला भोक पाडून बाटलीभर पाणी आणतो,
वर म्हणतो, याच्यात मासा नाही.
ती भिंगाला डोळा लावते.

माती नव्हे. करंडे.
काचेचे, नक्षीचे; होडीसारखे, सुईसारखे,
आणि काही जिवंत, पोटात सोनेरी काहीतरी बाळगून
उन्हाची वाट बघणारे.
(किती लाख करंडे शिवले मी एका पोत्यात,
किती रिकामी घरं.)

करंड्याचं गणित तिला पुस्तकात सापडलं.
दुभंगताना झाकण एकीला, तळ दुसरीला.
झाकणवाली आईएवढीच राहते.
तळवाली तळालाच झाकण मानते,
आत नवा तळ घडवते, म्हणून जराशी लहान.
तिची तळवाली आणखी लहान.
तिची आणखी.
स्टेनव्होर बोटं मोजते:
बापाला आठ भावंडं. आम्ही तिघं.
मला एकटी ओड्नी.
ओड्नी रॉटरडॅमला,
तिला एक मांजर.

थेंबात इतरही शेजार आहे.
अमीबा, ज्याला अंगाचाच पाय करायची सवय;
मध्ये चिरतो आणि दोन होतो,
मागे आई उरत नाही, प्रेतही नाही.
युग्लीना उजेडात पानासारखी हिरवी,
अंधारात मिळेल ते गिळते; तिला कोण नावं ठेवणार?
आणि चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम,
अंगभर पापण्या, पापण्यांनीच वल्हवणारा.
एका रात्री तिनं दोघांना चिकटलेलं पाहिलं,
तासन् तास, चहा गार होईपर्यंत.
आपल्यातलं काही त्याला दिलं, त्याचं काही घेतलं,
आणि सुटले. दोनाचे दोनच.
मूल नाही. फक्त दोघंही आता पहिले नव्हते.

"असलंच एक माझ्या रक्तात होतं," इल्लुगी म्हणाला.
गिनीच्या आखातात, जहाजावर, बाविसाव्या वर्षी.
तांबड्या पेशीत घर करायचं, वाढायचं, घर फोडून निघायचं;
दर तिसऱ्या दिवशी दात वाजायचे.
"लग्न मात्र डासाच्या पोटात लावतात म्हणे.
आपली चिलटं बरी, नुसती नाकात जातात."

तळाशी पूर्वी हिरवे गोळे असत, मखमली, मुठीएवढे,
शैवालाचे, लाटांनी वळलेले.
जाळ्यात आले की कोळी शिव्या घालत:
गोळ्याची घाण!
आता शिव्या द्यायलाही गोळे सापडत नाहीत.
तिनं ते वहीत लिहिलं नाही.

फेब्रुवारीत, बाटलीतल्या जुन्या पाण्यात,
तिला सगळ्यात बारके करंडे दिसले, जोडीनं लागलेले.
याहून लहान होणं नाही.
तेव्हा म्हणे ती झाकणं उघडतात, तळही सोडतात,
उघडं अंग उघड्या अंगाला भेटतं,
आणि त्यातून येणारं, अजून काच न चढलेलं,
फुगत जातं, फुगत जातं,
पहिल्या पणजीएवढं होईपर्यंत.

"इल्लुगी, इकडे ये."

तो आला. आधी हातमोजे काढले, मग गळपट्टा,
मग चष्मा, मग कुठे ठेवावा कळेना म्हणून तिच्याच हातात दिला.
वाकला. बराच वेळ गप्प.

"काळ्या काठ्या दिसताहेत," तो म्हणाला. "हलतात."

"त्या तुझ्या पापण्या."

"मग हलू देत," तो म्हणाला,
आणि डोळा काढला नाही.