पाचवी लाट

मी सुरी धरत नाही.
मी नुसती पाचव्या लाटेकडे बघत बसते,
पडद्यावरच्या हिरव्या रेषेत, कधी चार तास, कधी नऊ.

हुपरीच्या पद्मावती मगदूम, वय एकावन्न.
पैंजणाचं घुंगरू पारखायचं काम:
चिमटीत धरायचं, उजव्या कानाशी हलवायचं,
वाजलं की परातीत,
मुकं निघालं की परत मुशीत.
तीस वर्षं हेच.
मग एका दिवाळीच्या तोंडावर
मुशीकडचा ढीग परातीपेक्षा मोठा झाला.
सुनेनं रात्री निमूटपणे सगळी पुन्हा हलवून पाहिली.
सगळी वाजत होती.

चिंचोक्याएवढी गाठ, कवटीच्या तळाशी.
तिथल्या हाडात एक बोळ आहे,
त्यातून ऐकण्याची नस, तोलाची नस, चेहऱ्याची नस
गंगावेशीतल्या पहाटेच्या म्हशींसारख्या
अंगाला अंग घासत जातात.
गाठ तोलाच्या नसेची.
ऐकण्याची नस फक्त शेजारी राहते.

ऑपरेशनआधी शब्दांची चाचणी.
छापील यादीतला पहिलाच शब्द मी म्हटला, 'गवाक्ष'.
पद्माक्का म्हणाल्या,
"ह्ये ऐकू आलं तरी कळायचं न्हाई गं पोरी.
आमचं काय तरी बोल, मग सांगतो."
त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर
मी नवी यादी केली. पंचवीस शब्द:
वैरण, मूस, शड्डू, काकवी, उसाभर, वगैरे.
त्यातले सतरा त्यांनी बरोबर सांगितले.
डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले, हीच यादी लावू सगळ्यांना,
शंभर पेशंट झाले की काय ते बोलू.
आजवर एकतीस झालेत.

ऑपरेशनच्या दिवशी
त्यांच्या उजव्या कानात मी टिकटिक सोडली,
सेकंदाला अकरा.
पद्माक्का गाढ भुलीत. त्या ऐकत नव्हत्या.
त्यांचा कान ऐकत होता,
आणि काय ऐकलं ते मला लिहून पाठवत होता:
पहिली लाट, तिसरी, पाचवी.

ड्रिलनं बोळाचं छप्पर उघडलं.
सरांनी गाठ आतून पोखरली,
मग तिची साल नसेवरून सोडवायला घेतली.
पाचवी लाट उशिरा यायला लागली.
आधी मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा,
मग अर्धा,
मग ती वाकली, वाळक्या पातीसारखी.
"थांबा," मी म्हटलं.
माझं काम म्हणजे हा एक शब्द.

सरांनी दोन्ही हात वर घेतले.
कोमट सलाइनचे थेंब.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
सात मिनिटं आम्ही सगळे
एका झोपलेल्या बाईच्या ऐकण्याची वाट बघत होतो.
लाट परत आली. पूर्ण उंचीची नाही, पण आली.

नसेला चिकटलेला एक पापुद्रा
सरांनी तसाच सोडला.
मी नोंद केली: गाठ पूर्ण काढलेली नाही.
तो पापुद्रा वाढेल का, ते वर्षाकाठी स्कॅनमध्ये दिसेल.
वहीत त्यासाठी पाच रकाने मोकळे आहेत.

तिसऱ्या महिन्यात पंचवीसपैकी चौदा.
'मूस' त्यांना 'ऊस' ऐकू आला,
आणि त्या हसल्या, चेहरा दोन्हीकडून सारखा.
(सर दारात उभे होते. ते फक्त हसण्याकडे बघत होते.)

मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली.
घुंगरं. एकेक उजव्या कानाशी.
"वाजतंय," म्हणाल्या.
"पण बोलकं कुठलं आन् मुकं कुठलं,
ते अजून सांगत न्हाई."
डाव्या कानाशी नेलं. पुन्हा उजव्या.
"घाई न्हाई. रोज हलवून बघतो."

वहीचा शेवटचा रकाना:
कामापुरतं ऐकू येतं, होय की नाही.
कुणाच्या कामापुरतं, हे रकान्यात नाही.

जाताना एक घुंगरू टेबलावर ठेवलं त्यांनी.
"तूच बघ बाई, ह्ये मुकं हाय का."
त्या गेल्यावर मी ते कानाशी धरून हलवलं.
एसी चालू होता.
उठून तो बंद केला,
आणि पुन्हा हलवलं.