हातचा एक

तार्तूत नदी गोठली त्या आठवड्यात
मी खेळ सुरू केला.
उत्तर द्या, दहा गुण. टिपण लिहा, वीस.
शंभरावर लाकडी घुबड,
पाचशेवर चांदीचं, म्हणजे पडद्यावर चांदीचं.
साहेब म्हणाले, कारेल, आता बघ, बोलतील माणसं.

बोलली की.
प्रिंटरमध्ये कागद कसा घालावा
यावर तावीनं सात टिपणं लिहिली.
रायनर विचारायचा, इंद्रेक उत्तर द्यायचा,
मग इंद्रेक विचारायचा;
जेवायच्या सुट्टीत दोघं देणंघेणं जुळवत बसायचे
वाण्याच्या वहीसारखं.
महिन्याभरात अकरा चांदीची घुबडं,
आणि पगाराची प्रणाली
होती तिथंच धापा टाकत.

यादीच्या तळाला उर्वे. शून्य.
बावीस वर्षं तिनंच ती प्रणाली सांभाळलेली.
मी नम्र आठवण पाठवली. तीनदा.
तिनं उलट लिहिलं, "बटण सापडत नाही."
म्हातारी ताकास तूर लागू देत नाही
असं मी वर कळवलं.
ते वाक्य अजून तिथं आहे, माझ्या सहीनिशी.

एकोणतीस फेब्रुवारीच्या पहाटे सगळं कोसळलं
आणि लीसबेतनं, येऊन चारच महिने झालेल्या पोरीनं,
अकरा मिनिटांत उभं केलं.
कुठं वाचलंस?
वाचलं नाही, म्हणाली.
उर्वे उकडलेला बटाटा सोलते ना खिडकीपाशी,
तेव्हा बोलते.
एकदा म्हणाली, चार वर्षांनी ही बया रुसते,
तिला आधी मागच्या महिन्याचं दार उघडून द्यायचं.

मी दोघींच्या नावे गुण टाकायला बसलो.
रकानाच नव्हता.
सालींना किती द्यायचे?
शेजारी बसून नुसतं ऐकण्याला?
शाळेत बेरीज चुकली की बाई पेन्सिलीनं टकटक करायच्या,
हातचा विसरलास, कारेल.

ऑगस्टात तिचा निरोप.
मी गमतीनं म्हटलं, पिवळ्या अळंब्यांची तुझी जागा सांग,
पाचशे गुण देतो.
सगळे हसले. इथं माणूस
घराच्या कुलपाचा आकडा सांगेल,
अळंब्यांचं रान सख्ख्या भावालाही नाही.
उर्वेनं केक कापला, मला कडेचा तुकडा दिला.

सोमवारी लीसबेत उशिरा आली.
बुटांना काळा चिखल,
केसांत पाइनची एक सुई.
कुठं होतीस?
तिनं संगणक उघडला.
"बटण सापडत नाही," म्हणाली.