कंसाच्या आत बत्तीस

हाप्सालू, फेब्रुवारी. रात्रीचे दोन.
खिडकीबाहेर समुद्र टणक, पांढरा.
पडद्यावर एकेचाळीस चाचण्या
एकामागून एक तांबड्या होत गेल्या,
आणि दोष त्यांतल्या एकीचाही नाही.

दोष माझा. सतराव्या चाचणीत मी लिहिलं होतं:
यूलिमिट, फायली, बत्तीस.
म्हणजे, बाई गं, यापुढे बत्तीसच उघडायच्या.
तेहतिसावी मागितलीस तर मिळणार नाही.
बघू, कोसळतेस,
की हातातलं जागच्या जागी ठेवून
नीट सांगतेस, जमत नाही म्हणून.

तशा बत्तीसही नव्हेत.
तीन आधीच गेलेल्या:
एक ऐकायला, एक बोलायला,
एक तक्रारीला.
तक्रारीची वेगळी सोय जन्मापासून,
हे मला यंत्रांचं फार आवडतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझं काम उलटं.
पाय आहेत तसेच राहू द्यायचे,
अंथरूण बोटाबोटानं आखडत न्यायचं
आणि कान देऊन बसायचं.

सतरावी पास झाली. नेमस्त, शहाणी.
पण मी नुसतं बत्तीस म्हटलं
तेव्हा दोन कुलपं एकदम लागली.
मऊ कुलूप ज्याचं त्याला सैल करता येतं,
कडक कुलपाच्या हद्दीपर्यंत.
कडक एकदा खाली ओढलं, की ओढलं.
ज्यानं ओढलं त्यालाही ते वर नेता येत नाही,
आणि पुढं जन्मणारं प्रत्येक लेकरू
तेच गळ्यात घेऊन येतं.
अठरावी आली, एकोणिसावी आली,
कुणाला काही ठाऊक नाही,
फक्त हात पुरत नाहीत.

माझे वडील, एंडेल, बर्फावरच्या रस्त्याचे मापाडी.
रोहुक्युलापासून हीउमा बेटापर्यंत
थोड्या थोड्या अंतरावर गिरमीट लावायचं,
पट्टी सोडायची, आकडा वहीत.
मग किनाऱ्यावर पाटी: अडीच टन. सीटबेल्ट बांधू नये.
मी लहानपणी विचारलं, का नाही बांधायचा?
म्हणाले, बाहेर पडायला हात मोकळे लागतात.
आणि पुष्कळ वेळानं, गिरमीट पुसता पुसता:
बर्फ किती पेलेल ते बर्फालाच विचारावं लागतं.
पण भोक लहान पाड.
विचारता विचारता रस्ता फोडू नकोस.

म्हणून कंस.
उघडता कंस: एक पोर शेल जन्माला येतं,
मर्यादा आपल्या अंगावर घेतं,
काम करतं किंवा करत नाही,
उत्तर सांगतं आणि मरतं.
मिटता कंस. आईचे हात होते तसेच मोकळे.
सकाळपर्यंत भोक गोठून गेलेलं.

दोन चिन्हं. त्यासाठी पाच तास.

मग तार्तूहून रिहोचा निरोप:
माझ्याकडे सतरावी नापास.
त्याचं यंत्र जुनं, विचित्र. मर्यादा घाला म्हटलं
की हो म्हणतं आणि घालत नाही,
आमच्या शाळेतल्या रखवालदारासारखं.
तिथे नापास म्हणणं खोटं. पास म्हणणं तर त्याहून.
मी चाचणीच्या आधी आणखी एक कंस घातला:
इथं मर्यादा खरंच लागते का?
लागत नसेल तर वगळा, आणि का ते लिहा.

वडिलांच्या वहीत असं एक पान आहे.
नऊ फेब्रुवारी. वारा. मोजलं नाही.
बाकी पान कोरं.
मला तेव्हा वाटलं होतं, कंटाळा केला.

पावणेचारला सगळं हिरवं,
रिहोकडे एक करडी.
झोपले नाही. सातला त्यांचा फोन.
ब्याऐंशी वर्षांचे, आता कुणी विचारत नाही,
तरी गिरमीट घेऊन धक्क्याशी जातात.
एकोणीस, म्हणाले.
मी म्हटलं, म्हणजे?
म्हणजे अजून नाही,
आणि फोन ठेवला.