सत्तर पानांचं पुडकं

धानोऱ्याच्या कॉलेजात, अकरावी सायन्सला,
नैताम सरांनी किराणा दुकानातला काटा टेबलावर ठेवला.
(प्रयोगशाळेच्या तराजूपेटीत पाल राहते.)
चिमटीचिमटीनं मीठ टाकत गेले.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. परत अठ्ठावन्न.
सोडियमचे तेवीस, क्लोरीनचे साडेपस्तीस,
आणि तो अर्धा ग्रॅम काट्याला काही दिसेना.
"न दिसलेल्या त्या अर्ध्यात," सर म्हणाले,
"पाचावर एकवीस शून्यं, एवढ्या जोड्या आहेत."
आम्ही खिडकीबाहेर पाहिलं.
मोहाखाली एक बकरी होती. एक.

मोजायचं कसं, तर मोजायचंच नाही.
वजन घ्यायचं, मोलच्या वजनानं भागायचं,
मग सहा पूर्णांक शून्य दोन दोन,
पुढं दहाचा तेविसावा घात.
मी वहीत उतरवलं, पाठ केलं,
पेपरात दोन मार्कही आले.
कळलं नाही.

मग मे. तेंदूपत्ता.
पहाटे तीनला जंगल, दहाला परत,
ओसरीवर पानांचा ढीग,
सत्तर पानांचं एक पुडकं, वरून वाकाची गाठ.
मी तोंडानं मोजते आणि साठीच्या पुढं हरवते.
माय मोजत नाही. रैनी आत्याशी
कोणाच्या तरी लग्नातल्या भांडणाचं बोलत असते
आणि हात आपले चालू.
माझं एक पुडकं तिनं तळहातावर झेललं:
"दोन पानं कमी हायेत यात."
सोडून मोजलं. अडुसष्ट.
दुसरं झेललं, थोडी थांबली:
"हे बराबर हाये. पानं कवळी हायेत,
म्हणून हलकं लागते."

मी तशीच बसून राहिले, मांडीवर पानं.
नैताम सरांचा अख्खा तास
मायच्या तळव्यावर होता.

संध्याकाळी फडीवर मुन्शी ओळी लावतो,
शेकड्यामागं चार पुडकी वरची घेतो.
असंच असते, म्हणतात.
जूनमध्ये सरांना विचारायचं आहे:
मोलमध्ये वरची पुडकी
कोण नेते?

परतताना पळसाखाली बसलो.
बाटलीच्या झाकणानं तीनदा पाणी ओतलं
मायच्या ओंजळीत. अठरा ग्रॅम, अंदाजे.
म्हटलं, माय, हा एक मोल.
सगळ्या जंगलाची पानं तोडली
तरी एवढी भरणार नाहीत,
एवढे कण तू एका घोटात प्यायलीस.

तिनं पदरानं तोंड पुसलं.
"मोजून नोको देऊ मले," म्हणाली,
"बाटलीच आन इकडं."