अनुभव, तीन हंगाम

फोटोपासून सुरुवात कर, तन्वीर म्हणाला,
मावसबहिणीच्या हळदीतला हा चालणार नाही,
खांद्यावर कुणाचा तरी कापलेला हात दिसतोय.
तो पुण्यात असतो, खराडीला,
आमच्या कॉलेजातून त्या वर्षी लागलेला एकटाच.
रात्री साडेदहानंतर त्याचा फोन मोकळा होतो
आणि आमच्या गच्चीवर नेटवर्क येतं,
टाकीच्या उत्तरेला.

मग नाव.
दहावीच्या सर्टिफिकेटवर जिज्ञासात डी आहे,
आधारवर जी, बँकेत दोन्ही नाहीत.
एकच ठरव, म्हणाला, आणि मरेपर्यंत तेच ठेव.
मी डी ठेवला. रतिलाल गाळलं. माळी राहू दिलं.

नावाखाली लिहिलं होतं : नोकरीच्या शोधात.
स्टेशनावर उभं राहून
'प्रवासी' अशी पाटी घालतं का कुणी गळ्यात?
तुला काय येतं ते लिही.

मी लिहिलं : मेहनती, प्रामाणिक, मिळूनमिसळून काम करणारी.
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग आलं : हे बैलाबद्दलही लिहिता येईल.

कौशल्यांत सतरा गोष्टी होत्या,
त्यातल्या दोन यूट्यूबवर अर्ध्याच पाहिलेल्या.
तो एकेक विचारत गेला, मी एकेक पुसत गेले.
उरलं एक्सेल.
कुठे शिकलीस?
पथारीवर.
कसली पथारी?
नंदुरबारचा ना तू? मिरचीची.

तीन हंगाम, कॉलेज सुटलं की
सुकलालदादांच्या पथारीवर, नाकाला ओढणी बांधून,
काट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत.
आधी वही, मग दादांच्या पोराचा जुना लॅपटॉप,
उलटा करून थोपटला की मिरचीचं बी पडायचं.
ओली किती आली, सुकून किती उरली,
कुठल्या गावची जास्त घटते,
देठ खुडणाऱ्या बायकांची मजुरी, किलोमागे.

दुसऱ्या हंगामात दिसलं,
मंगळवारी सगळ्यांचीच मजुरी कमी.
बायका त्याच, हात तेच.
मंगळवारी मोठा काटा बाजाराला जायचा
आणि छोटा किलोमागे पन्नास ग्रॅम खायचा.
दादांना रकाना दाखवला.
त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली,
सकाळी काटा दुरुस्तीला गेला.
सायतीबाईंना मागचे एकशे ऐंशी मिळाले.
त्यांनी ते मोजले, कमरेला खोचले
आणि लॅपटॉपकडे बोट केलं :
ह्या डब्यात दिसलं तुला?

तन्वीर गप्प.
हे कुठे लिहिलंयस, बाई?
कुठेच नाही.
अनुभवात 'नाही' निवडलं होतं,
मिरचीचा कसला अनुभव म्हणून.

त्या रात्री लिहिलं, दोनदा पुसलं,
तिसऱ्यांदा राहू दिलं :
वजन आणि मजुरीच्या नोंदी, तफावत शोधणे,
मिरची पथारी, नंदुरबार, तीन हंगाम.

फोटो सकाळी भावाने काढला.
पांढरी भिंत आमच्याकडे एकच, संडासाची.
फोटोत कळत नाही.

शिफारस हवी होती.
दादांना पोराने खातं उघडून दिलं,
ते फोनला तोंड लावून बोलले, फोनने लिहून घेतलं :
पोर हिशोबले पक्की शे.
काटा खोटा व्हता, हिनीच धरा.
कामले भीस नई.

हे इंग्रजीत करून घे, तन्वीर म्हणाला.
हो म्हटलं.
अजून केलेलं नाही.

दोन आठवड्यांत अकरा जण बघून गेले.
एक तन्वीर, एक दादांचा पोरगा, दोघे विमावाले.
एक बाई हैदराबादची, मसाल्याच्या कंपनीतली,
काल तिने विचारलं,
घट किती टक्के धरता तुम्ही?

टाकीच्या उत्तरेला उभी राहून
मी उत्तर टाइप करतेय :
कुठल्या महिन्यातली, ते आधी सांगा.